ध्वनीचा काळ, पडद्याचा काळ

कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा आपला पहिला बोलपट १९३२ साली पडद्यावर आणला, तेव्हा पार्श्वगायनाची सोय भारतात आलेली नव्हती. त्यामुळे गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांना कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करताच गावे लागे, साथीची वाद्येही त्याच क्षणी वाजावी लागत, आणि गाणे बिघडले की सोबतचे चित्रणही वाया जाई. दृश्य व ध्वनी यांचा काळ एकच असल्याने एकाचे अडणे दुसऱ्याला भोवत असे.

पार्श्वगायनाने सिनेमाची ही अडचण दूर केली, परंतु संगणकावर ती आजही उद्भवते. खिडकी आणि बटणे असलेल्या प्रोग्राममध्ये पडदा रंगवणे आणि माउसच्या प्रत्येक क्लिकची दखल घेणे ही कामे एकाच मुख्य ‘थ्रेड’वर, म्हणजे आज्ञा एकामागून एक पार पाडणाऱ्या एकाच प्रवाहात, चालतात. रियाजासाठी तानपुरा वाजवणाऱ्या प्रोग्रामने ध्वनिफाइल संपेपर्यंत थांबून राहणारी आज्ञा याच थ्रेडवर दिली, तर सूर उत्तम लागतो, पण पट्टी बदलता येत नाही आणि ‘थांबवा’ हे बटणही निरुपयोगी ठरते. सुमारे ५ सेकंद असेच गेल्यावर विंडोज तो प्रोग्राम प्रतिसाद देत नसल्याचे जाहीर करते. साधनाने गाणाऱ्याला असे ताटकळत ठेवणे हा केवळ तांत्रिक दोष मानणे अपुरे आहे, कारण त्यात रियाजाची एकाग्रताच मोडते.

ध्वनी वेगळ्या थ्रेडवर सोपवणे, हे उत्तर योग्य असले तरी अर्धेच आहे. सेकंदाला ४४,१०० नमुने या दराने वाजणाऱ्या ध्वनीचे ४४१ नमुने ‘बफर’मध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, असतील, तर ते १० मिलिसेकंदांत संपतात; तेवढ्या अवधीत पुढचा साठा न पोहोचल्यास सूर तुटतो. म्हणून ध्वनीच्या थ्रेडने खिडकीची वाट पाहू नये आणि तिच्यातील बटणांना थेट हातही लावू नये. दोघांनी एकमेकांसाठी निरोप रांगेत ठेवावेत आणि आपापले काम चालू ठेवावे.

चित्र व ध्वनी पुन्हा जुळवायचे असतात, तेव्हा व्हिडिओ दाखवणारे बहुतेक प्रोग्राम ध्वनीचे घड्याळ प्रमाण मानतात आणि उशीर झालेली चित्रचौकट गाळतात. डोळ्याला एका चौकटीची उणीव सहसा जाणवत नाही, कानाला मात्र सुरातील लहानशी फटही लगेच खटकते.