दहा मिनिटं कुणाची?

माळ्यावर टाकलेल्या बॅगा एकदा खाली काढून बघा. बहुतेकींचं कापड शाबूत असतं, पट्टे शाबूत असतात, तळही फाटलेला नसतो. फक्त चेन लागत नसते. कपाटाच्या खालच्या कप्प्यातही तेच. जीन्सचं बटण गेलंय, ब्लाउजचे दोन हूक निघालेत, कुर्त्याचं टिचबटण बसत नाही. दहा-वीस रुपयांच्या तुकड्यापायी हजार रुपयांची वस्तू बाद झालेली असते.

यावर आपल्याकडे दोन प्रकारे बोललं जातं. एक म्हणजे काटकसर: पूर्वीची माणसं काही टाकत नसत. दुसरं पर्यावरण: कचरा वाढतोय. दोन्ही खरंच आहे. पण मला तिसराच प्रश्न जास्त छळतो. तुटलेला हूक लावायला दहा मिनिटं लागतात. मी तो लावला नाही, तर ती दहा मिनिटं जातात कुठे?

आधी, काम खरंच एवढंसं आहे का ते बघू. आज आपण वापरतो तशी चेन गिडियन सुंडबॅक या स्वीडनमध्ये जन्मलेल्या इंजिनिअरने अमेरिकेत बनवली. तिचं पेटंट त्याला 1917 साली मिळालं. शंभर वर्षांत तिची मूळ रचना तशीच आहे: दोन बाजूंचे दात आणि त्यांना एकमेकांत बसवणारा रनर. ओढून ओढून रनरच्या कडा किंचित फाकतात. मग तो पुढे जातो आणि मागे चेन उघडीच राहते. आपण म्हणतो, चेन गेली. दात बहुधा ठणठणीत असतात. रनर चेनच्या सुरुवातीला आणायचा, पकडीने दोन्ही कडा आळीपाळीने हलकेच दाबायच्या आणि ओढून बघायचं. एकदम जोर लावला तर रनर तुटतो, म्हणून थोडं थोडं दाबायचं. नाहीच जमलं तर रनर बदलायचा. त्याच्या पाठीवर बहुधा 3, 5, 8 असा आकडा असतो, तो दुकानात सांगायचा. बटण लावताना बटण आणि कापड यांच्यामध्ये काडेपेटीची काडी धरायची. टाके झाले की काडी काढायची आणि मोकळ्या राहिलेल्या दोऱ्याभोवती तीन-चार वेढे द्यायचे, म्हणजे काजात बटण ओढल्यासारखं बसत नाही. यातलं काहीही शिकायला एक संध्याकाळ पुरते.

मराठी पोशाखात एके काळी हे काम फारसं नव्हतंच. नऊवारी आणि धोतर नुसतं नेसायचं, चोळीला पुढे गाठ मारायची, बाराबंदीला बंद बांधायचे. बंद तुटला तर चिंधीचा दुसरा शिवता यायचा. बटण, हूक, चेन आल्यावर कपडा घालणं झटपट झालं. पण ते बिघडलं की माणूस दुसऱ्याकडे बघायला लागला.

हा दुसरा बहुतेक घरांत ठरलेला असतो. सुईदोरा कुठल्या डब्यात आहे हे घरात एकाच व्यक्तीला माहीत असतं, आणि ती आई असते. शर्ट पलंगावर टाकून ‘बटण तुटलंय’ एवढंच म्हटलं की दुसऱ्या दिवशी ते लागलेलं असतं. घरात दुरुस्ती होते म्हणून आपण त्या घराचं कौतुक करतो. पण ती कोण करतं, हे विचारत नाही. जुन्या पिढीच्या काटकसरीचे गोडवे गाताना म्हणूनच मला अडखळायला होतं. ती काटकसर बरीचशी बायकांच्या दुपारींवर चालली होती. ती दहा मिनिटं कुठल्याच हिशेबात आली नाहीत.

घराबाहेरचं उदाहरण बोहारणीचं. जुने कपडे घेऊन बदल्यात भांडी देणाऱ्या या बायका नाशिकच्या जुन्या वस्तीतल्या लोकांना नव्याने सांगायला नकोत. ती कपडा उलटासुलटा करते, चेन वर-खाली करून बघते, बटणं मोजते. आपल्याला वाटतं, घासाघीस करतेय. खरं तर ती हिशेब करत असते. हा कपडा पुढे विकायचा तर कुणाला तरी तो दुरुस्त करावा लागणार आहे. मी न घातलेला टाका तिच्या धंद्यातला खर्च असतो.

ती निदान नाही म्हणू शकते. मदत घेणाऱ्याला तेही जमत नाही. 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, तेव्हा राज्यभरातून कपडे गेले. अशा वेळी कुणाला नाडी नसलेली सलवार किंवा चेन न लागणारी पँट मिळाली, तर त्या माणसाने काय करायचं? घर पाण्यात गेलंय, सुईदोराही त्यातच गेलाय. देणाऱ्याने कपाट मोकळं केलं आणि दान केल्याचं समाधानही मिळवलं. उरलेलं काम मात्र ज्याच्याकडे काहीच उरलं नाही त्याच्याकडे पोचलं.

कपडा घंटागाडीत टाकला तरी काम संपत नाही. पानिपतला जगभरातले टाकलेले लोकरी कपडे येतात. त्यांचा पुन्हा धागा करायचा तर आधी बटणं, चेन, हूक हातांनी कापून काढावे लागतात. तिथे हे काम करणाऱ्या बायकांवर ‘अनरॅव्हल’ नावाची एक छोटी फिल्म 2012 साली आली होती. कुठल्या देशातल्या कुणी फेकलेल्या कोटाची चेन पानिपतमधली बाई कापत बसलेली असते. तिलाही दहा मिनिटं मिळत नाहीत. पुढचा कोट वाट बघत असतो.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे: माझ्याकडे वेळ नाही. सातपूर-अंबडला पाळीत काम करून आलेल्या माणसाला ‘बस, हूक लाव’ असं सांगायचा मला अधिकार नाही. पण त्यासाठीच तर दुरुस्तीचा धंदा आहे. शालिमार, मेन रोडच्या गर्दीत चपला-बॅगा शिवणारे बसतात. सिडकोतल्या गल्ल्यांमध्ये फॉल-पिकोच्या पाट्या असतात, तिथे चेनही बदलून मिळते. त्यांना पैसे दिले की माझी दहा मिनिटं त्यांची होतात, उघडपणे आणि मोबदला घेऊन. घरी सगळं स्वतःच केलं तर त्यांचं पोट कसं भरेल, असंही कुणी विचारेल. माझा अनुभव असा की जो घरी बटण लावतो, तोच तुटलेला पट्टा घेऊन त्यांच्याकडे जातो. दुरुस्त होतं हे त्यालाच माहीत असतं. त्यांचं गिऱ्हाईक खरं तुटतं ते बॅग सरळ फेकली जाते तेव्हा.

2022 मध्ये केंद्र सरकारने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं तिच्यासमोर होती. तिथे भांडण कंपनीशी आहे: सुटे भाग द्या, माहिती द्या. चेन-बटणाच्या बाबतीत आपल्याला कुणीच अडवलेलं नाही. रनर बाजारात मिळतो, सुई घरात आहे, शिकवणारे व्हिडिओ हातातल्या फोनवर आहेत. हक्क पूर्ण आहे. म्हणून इथे उरतो तो फक्त जबाबदारीचा प्रश्न.

ती जबाबदारी मला वस्तूंबद्दल वाटत नाही. बॅगेला दुःख होत नाही. काही वस्तू खरोखर संपतात, त्या सोडाव्यात. पण जाताना बटणं कापून डब्यात टाकावीत, निघणारी चेन काढून घ्यावी. द्यायचा कपडा असेल तर तो आधी लावून, उघडून बघावा. नाहीच जमलं तर देताना निदान सांगावं, ‘याची चेन बिघडलेली आहे’, म्हणजे घ्यायचं की नाही हे समोरच्याला ठरवता येईल. आणि घरात ‘बटण तुटलंय’ असं म्हणण्याआधी विचारावं, ‘सुईदोऱ्याचा डबा कुठे असतो?’