धक्क्यापासून पुढे

वसई तालुक्यातल्या गास गावात एक आत्या राहायची. पुतण्याची आत्या म्हणून सगळ्या आळीची आत्या. बावखलाच्या, म्हणजे तळ्याच्या, काठाला तिची चाफ्याची वाडी होती. पहाटे काळोखात कळ्या खुडायच्या, केळीच्या पानात गुंडाळायच्या आणि नालासोपाऱ्याहून पहिल्या लोकलने दादरचा फूलबाजार गाठायचा, यात तिचं निम्मं आयुष्य गेलं. आता गुडघे बोलू लागले होते. वाडी गड्याच्या हाती होती आणि आत्या सकाळी मिस्सा, दुपारी वाचन अशी निवांत झाली होती.

पुतण्या मुंबईत चांगल्या नोकरीला होता. एका रविवारी जेवताना त्याने जाहीर केलं, "आत्या, आपण जपानला जायचं. बोटीने. योकोहामाला चढायचं, बंदराबंदराने फिरायचं, परत योकोहामाला उतरायचं. सामान एकदाच खोलीत टाकलं की संपलं. तुझ्या गुडघ्यांनाही त्रास नाही."

आत्याने एवढंच विचारलं, "बोट नागासाकीला लागते का?"

"लागते."

"मग मी येते."

तिच्या या प्रश्नामागे चारशे वर्षं होती. गासचं चर्च संत गोन्सालो गार्सियाच्या नावाचं. हा गोन्सालो १५५६ च्या सुमारास वसईत जन्मला. तेव्हा वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. पोरवयात तो जेज्वीट धर्मगुरूंबरोबर जपानला गेला आणि तिथली भाषा शिकला. पुढे त्याने व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन संघात प्रवेश घेतला आणि १५९३ मध्ये त्याच संघाचे धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर पुन्हा जपानात उतरला, तो दुभाषा म्हणून. जपानचा सर्वेसर्वा तोयोतोमी हिदेयोशी याच्याशी बोलणी करायची तर जीभ वसईच्या या माणसाची लागायची. पुढे हिदेयोशीची मर्जी फिरली. गोन्सालोसह धरलेल्या माणसांना ऐन हिवाळ्यात क्योतोहून नागासाकीपर्यंत चालवत नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं. १८६२ मध्ये त्या सर्वांना संतपद मिळालं. भारतात जन्मलेला पहिला संत तो हाच. आत्याने लहानपणापासून दर सणाला हे ऐकलेलं. आता ती जागा डोळ्यांनी पाहायची होती.

पुतण्या कामाला लागला. रोज रात्री लॅपटॉप उघडून तो याद्या करी. कोबेला उतरून क्योतो आणि ओसाका, नागासाकीत आठ ठिकाणं, कागोशिमात सहा. प्रत्येक ठिकाणापुढे मिनिटं लिहिलेली. निशिझाकापुढे लिहिलं होतं, "दहा मिनिटं, फोटो."

आत्याने याद्या पाहिल्या, त्यावर ती काही बोलली नाही. तिने आपले प्रश्न विचारले. पहिला प्रश्न, जायचं कधी? पुतण्याच्या मनात मेची सुट्टी होती. पण एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपान्यांच्याच सलग सुट्ट्या येतात आणि सगळीकडे गर्दी उसळते. जूनपासून पाऊस, ऑगस्ट-सप्टेंबरात वादळांचे दिवस. आत्या म्हणाली, "दिवाळी झाली की आपल्या फुलांची घाई सरते. नोव्हेंबर बघ." नोव्हेंबरात तिकडे पानं लाल-पिवळी होतात, हवा थंड आणि कोरडी. नोव्हेंबर ठरला.

दुसरा प्रश्न तिने नकाशावर बोट ठेवून विचारला. "ही बोट मधेच कोरियात बुसानला का जाते?" कारण कायद्यात होतं. जपानच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेण्याचा हक्क जपानी झेंड्याच्या जहाजांनाच. परदेशी जहाजाला वाटेत एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं. "म्हणजे बुसानहून परतताना आपण जपानात दुसऱ्यांदा शिरणार. आपला व्हिसा दोनदा शिरू देतो का?" पुतण्या चमकला. त्याच्या अर्जात एकाच प्रवेशाचा व्हिसा होता. अर्ज बदलला, कोरियाचे नियमही वेगळे विचारून घेतले आणि आत्याचं वय पाहून परदेशातल्या उपचारांचा विमा उतरवला.

तिसरा प्रश्न नातीला होता. पुतण्याची मुलगी नुकतीच नोकरीला लागलेली. आत्या तिला म्हणाली, "बोट नागासाकी किती वाजता सोडते?"

"पाचला, आजी. पण साडेचारला सगळे बोटीवर हवेत."

"दादरला सहाला भाव फुटायचा. मी सहापासून मागे मोजायची. पूल चढायला एवढा वेळ, गाडीला एवढा, स्टेशनपर्यंत एवढा, खुडायला एवढा. मग कळायचं उठायचं किती वाजता. तसंच मोज. बोट आपल्यासाठी थांबणार नाही."

दोघींनी साडेचारपासून मागे मोजलं. धक्क्यावर साडेतीनला पोचायचं. सकाळी रांग, पासपोर्ट, उतरणं यात तास-दीड तास जाणार. हाती उरले सहा तास. त्यात दोनच ठिकाणं धरली, धक्क्याजवळचं ओउरा चर्च आणि निशिझाका. बाकीच्यांवर आत्याने स्वतः काट मारली.

मग सुरू झालं तिचं खरं काम. फादरांकडून पुस्तकं आणली. नात फोनवर वाचून दाखवायची. एका शनिवारी दोघी वसईच्या किल्ल्यात गेल्या. पडक्या भिंतींमधल्या गोन्सालोच्या चर्चपाशी बसून आत्याने जपानी वाक्य घोकलं: "वाताशी वा वसई कारा किमाशिता." मी वसईहून आले आहे. पाठ होईना तेव्हा तिने ते देवनागरीत लिहून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं. त्या वर्षी वाडीत चाफा फुलून गेला, दिवाळी आली आणि सरली, तोवर नागासाकीची टेकडी आत्याच्या पायाखालची झाली होती.

नोव्हेंबरात चौघं निघाले. कोबेला सगळे यादीप्रमाणे पळाले. क्योतोत एका देवळाची रांग, ओसाकात किल्ल्याची रांग, परतीची गाडी धावत पकडली. रात्री आत्या म्हणाली, "बाबा, नागासाकीला तू तुझं बघ. नात माझ्याबरोबर राहील."

नागासाकीला बोट मात्सुगाए धक्क्याला लागली. पुतण्या बायकोला घेऊन टॅक्सीकडे धावला. आत्या आणि नात दुकानांमधून चढत जाणाऱ्या रस्त्याने, दर वळणावर थांबत, ओउरा चर्चला पोचल्या. आत लाकडी कमानी, रंगीत काचांतून पडलेला उजेड. फ्रेंच धर्मगुरूंनी हे चर्च बांधलं आणि त्याच २६ जणांना वाहिलं. त्याचं तोंडही निशिझाकाच्या दिशेला आहे. बाकावर बसून आत्याने नातीला सांगितलं, "१६१४ ला जपानभर आपल्या धर्मावर बंदी आली. फादर नाहीत, चर्च नाही. तरी उराकामी गावच्या शेतकऱ्यांनी अडीचशे वर्षं गुपचूप प्रार्थना जपली. बाप लेकाला शिकवी, तो त्याच्या लेकाला. हे चर्च उभं राहिलं तेव्हा १७ मार्च १८६५ ला ते इथे आले आणि इथल्या फादर पेतीजाँना हळूच म्हणाले की आमचं मन आणि तुमचं मन एकच आहे. तरी उघड जगायला त्यांना १८७३ उजाडावं लागलं."

नात गप्प झाली. ती आली होती आजीला सांभाळायला. आता तिचीच नजर त्या बाकांवर, त्या दारावर खिळली.

मग ट्राम. मागच्या दाराने चढायचं, उतरताना पुढच्या दाराशी पैसे टाकायचे, हे दोघींना घरूनच ठाऊक होतं. चिनी वस्तीच्या थांब्यावर गाडी बदलली, नागासाकी स्टेशनपाशी उतरल्या आणि समोरची चढण चढून निशिझाकावर आल्या.

दगडी भिंतीवर एका ओळीत २६ काशाच्या मूर्ती. शिल्पकार फुनाकोशी यांनी घडवलेलं हे स्मारक १९६२ सालचं, संतपदाला शंभर वर्षं झाली तेव्हाचं. बहुतेकांचे हात छातीशी जोडलेले आणि पावलं अधांतरी, जणू माणसं जमिनीवरून वर उचलली जात आहेत. ओळीत लहान मूर्तीही आहेत. मेलेल्यांत कोवळी मुलं होती.

शेजारच्या संग्रहालयात एक वयस्क बाई होती. आत्याने प्रार्थनेचं पुस्तक उघडलं आणि चिठ्ठी न बघता म्हटलं, "वाताशी वा वसई कारा किमाशिता. गोन्सालो." बाईला आधी कळलं नाही. नातीने फोनवर गासच्या चर्चचा फोटो दाखवला, मग किल्ल्यातल्या चर्चचा. बाईने फोन दोन्ही हातांत घेतला, फोटो मोठा करून भिंतीचे दगड पाहिले आणि आत्याला हाताला धरून बाहेर नेलं. ओळीतली एक मूर्ती तिने बोटाने दाखवली. आत्या त्या मूर्तीसमोर उभी राहिली. मागून बोटीवरच्या प्रवाशांचे घोळके आले, फोटो काढून गेले. आत्या तिथेच होती. तिला कसलीच घाई नव्हती. साडेतीनचा हिशोब नातीकडे होता.

पुतण्या चार वाजून वीस मिनिटांनी घामाघूम होऊन बोटीवर चढला. त्याने आठांपैकी सहा ठिकाणं गाठली होती. रात्री जेवणाच्या टेबलावर त्याने फोटो दाखवले. एका फोटोवर नात थांबली. काचेमागे एक मोडकं घड्याळ, काटे अकरा वाजून दोन मिनिटांवर.

"पप्पा, हे घड्याळ कशाचं?"

"अणुबॉम्बच्या म्युझियममधलं." मग तो जरा अडखळला. "नीट वाचता नाही आलं. टॅक्सी खाली उभी होती. मी माझं घड्याळ बघत होतो."

आत्याने फोटो पाहिला. "९ ऑगस्ट १९४५. अकरा वाजून दोन मिनिटं. बॉम्ब पडला तो उराकामीवर. अडीचशे वर्षं लपून प्रार्थना करणारे होते ना, त्यांच्याच नातवंडा-पतवंडांचं गाव ते. बंदी उठल्यावर त्यांनी स्वतःचं मोठं चर्च बांधलं होतं, तेही कोसळलं. सकाळी मी नातीला त्यांच्या पणजोबांची गोष्ट सांगितली. तू दुपारी त्यांच्या गावात उभा होतास."

पुतण्याने फोन खाली ठेवला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "आत्या, तू दोनच ठिकाणं बघितलीस."

"वर्षभर बघत होते रे. आज फक्त तिथे जाऊन आले."

बुसान झाल्यावर बोट कागोशिमाकडे निघाली. पुतण्याने सहा ठिकाणांची यादी उघडली, पाच खोडली आणि रात्रभर उरलेल्या एकाबद्दल वाचत बसला. सकाळी चौघं छोट्या बोटीने साकुराजिमाला गेले. पंधरा मिनिटांची ती वाट. समोर धुमसणारा ज्वालामुखी, पायथ्याशी माणसांची घरं. कठड्याशी उभा राहून पुतण्या आत्याला सांगू लागला, "फ्रान्सिस झेवियर जपानात पहिल्यांदा उतरला तो इथेच, कागोशिमाला, १५४९ ला. त्याच्या आधी तो आपल्या वसईला येऊन गेला होता. काल रात्री वाचलं." आत्या कौतुकाने ऐकत राहिली. त्या दिवशी कुणी घड्याळ बघितलं नाही, आणि तरी सगळे वेळेआधी धक्क्यावर होते.

आता गावात कुणी परदेशी निघालं की पुतण्याकडे येतं. व्हिसा, महिना, विमा, बोटीची वेळ हे सगळं तो नीट समजावून सांगतो, कारण त्यात चूक झाली तर दारातूनच परत यावं लागतं. पण त्याआधी तो विचारतो, "तिथे कुणाला भेटायला जाताय?" ज्याला उत्तर येत नाही त्याला तो तिकिटाच्या आधी पुस्तक देतो.

गोन्सालोही पहिल्यांदा गेला तेव्हा जहाजावरचा एक पोरगाच होता. पुन्हा गेला तेव्हा भाषा शिकून गेला, म्हणून जपानच्या सत्ताधीशाच्या दारात त्याचा शब्द ऐकला गेला. जहाज सगळ्यांना सारखंच धक्क्यापर्यंत नेतं. धक्क्यापासून पुढे आपण किती पोचतो, ते घरी बसून किती ओळख करून घेतली त्यावर ठरतं. म्हणून ठिकाणं थोडी धरावी आणि तयारी मोठी करावी.