लालपेठचे अर्धवट देव

आमच्या चंद्रपुरात लालपेठ-बाबूपेठच्या बाजूला दगडाचे प्रचंड देव उघड्यावर पडले आहेत. रायप्पा कोमटी नावाच्या धनिकाला शिवाचं देऊळ बांधायचं होतं. तो वारला आणि काम तिथंच राहिलं, असं सांगतात. त्यातल्या दहा तोंडांच्या दुर्गेला तर कितीतरी लोक सरळ रावण म्हणून मोकळे होतात.

माझे एक भिक्षुक स्नेही म्हणतात, "डोळे उघडले नाहीत, प्राणप्रतिष्ठा झाली नाही, म्हणजे तो दगडच." शास्त्रानं ते बरोबर असेल. पण मी जन्मभर पोरांना सुतारकाम शिकवलं. मला काही ते पटत नाही.

आलापल्लीचा साग घ्या. ओंडका चिरला की लगेच कोणी रंधा धरत नाही. ओलं लाकूड वाळताना आक्रसतं, पीळ घेतं. म्हणून मापापेक्षा जाड कापायचं, माया सोडायची, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून थप्पी रचायची आणि कळ काढायची. पोरांना घाई रंध्याची. गुळगुळीत गुंडाळी निघाली की त्यांना वाटतं, आता खरं काम सुरू झालं! अरे बाबांनो, गाठ कुठं येणार, रेषा कशा धावणार, हे चिरतानाच ठरलं. आता रंध्याच्या हाती काय उरलंय?

मग देवपण कुठल्या घावात येतं? लोक तर घावाचीही वाट पाहत नाहीत. २९ मार्च २०२३ ला बल्लारपूरचं सागवान अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी निघालं, तेव्हा लाकडाचीच पूजा झाली, शोभायात्रा निघाली. दारं व्हायची होती अजून. आणि गडचिरोलीकडचा आंगादेव म्हणजे एकत्र बांधलेले लाकडी दांडे. नाक नाही, डोळे नाहीत. तरी कौल त्यालाच मागतात.

इतक्या लांब मी जात नाही. नुसता संकल्प कोणीही सोडतो, त्याला खर्च नाही. पण पहिली मोठी कपची उडाली की ती परत चिकटत नाही. तिथं माणूस बांधला जातो. म्हणून ती दुर्गा माझ्यालेखी दुर्गाच.

चांगले कारागीर आणून त्या मूर्ती पुऱ्या करून घ्याव्यात, असंही कोणीतरी सुचवतं. नको. कुठं किती माया सोडली, हे त्या पहिल्या पाथरवटाच्या डोक्यात होतं. नवा माणूस थांबेल तो स्वतःच्या अंदाजानं. मग प्रतिष्ठा करायची तर त्याच्या दुर्गेची करा, रायप्पाच्या नव्हे.