पिंजरा आणि अहिंसा

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रतात होणारे दोष, सांगितले आहेत. अन्नपाणी रोखणे हा शेवटचा, बांधून ठेवणे हा पहिला. पिंजऱ्यातल्या हॅमस्टरला वेळेवर दाणापाणी देणारा शेवटच्यातून सुटतो, पहिल्याचे काय?

आजचे पाळीव सोनेरी हॅमस्टर बहुतांशी १९३० साली सीरियात अलेप्पोजवळ पकडलेल्या एका मादीचे आणि तिच्या पिल्लांचे वंशज. पिढ्या पिंजऱ्यात गेल्या, तरी रात्री जागणे, बीळ खणणे, गालाच्या पिशव्यांत दाणे भरून कोपऱ्यात साठवणे सुटलेले नाही. साफसफाईत तो साठा दर वेळी सगळा उपसून टाकणे हीसुद्धा हिंसाच.

मोकळे सोडले तर मांजर टिपेल. म्हणून बंधन सैल करणेच हाती उरते: ऐसपैस पिंजरा, खणण्याजोगा भुशाचा जाड थर, पाठ न वाकवणारे मोठे चाक, दिवसा शांतता. सोबतीला दुसरा सोनेरी हॅमस्टर मात्र आणू नये. ते एकमेकांना रक्तबंबाळ करतात.