जिंकणाऱ्याच्या गाडीतील वजन

मनुष्याच्या पदरी जन्मतः जे पडते ते त्याच्या पूर्वसंचिताचे फळ मानावे, की ज्याची भरपाई इतरांनी करून द्यावी असा निव्वळ योगायोग मानावा, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी पुष्कळ घोळला असला, तरी त्याचे सर्वांत रोखठोक उत्तर मला आढळले ते ग्रँड टुरिंग मोटारींच्या राष्ट्रीय अजिंक्यपद शर्यतींच्या नियमावलीत. घाटातल्या वळणावर एस.टी. समोरच्या ट्रकला वाट देत उभी राहते अशा मंडणगड तालुक्यात बसून शर्यतीचे कायदेकानू वाचणाऱ्याचे कोणास हसू आले, तर त्याने खुशाल हसावे.

या शर्यतींत धावणाऱ्या मोटारी रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्याच वंशातील. पोर्शे ९११ चे सहा सिलिंडरांचे इंजिन मागच्या चाकांच्या बाजूस, तर ॲस्टन मार्टिन व्हँटेजचे आठ सिलिंडरांचे पुढे. अशी भिन्नकुलोत्पन्न यंत्रे जशीच्या तशी मैदानात सोडली, तर निकाल कारखान्यातच लागावयाचा. म्हणून २००६ साली सुरू झालेल्या जीटी३ वर्गात नियामक मंडळ प्रत्येक बनावटीची पारख करून कोणावर काही किलो लादते, तर कोणाच्या इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या तोंडाशी अरुंद कडे बसवून त्याचा श्वास आखडता करते. (आपली खरी चाल आधीच उघड होऊ नये म्हणून संघ चाचणीच्या वेळी हात राखून गाडी हाकतात, असा बोभाटाही नित्याचाच.) आपल्याकडे चेन्नईनजीक आणि कोइमतूर येथे होणाऱ्या राष्ट्रीय शर्यतींत बहुधा एकाच बनावटीच्या गाड्या सर्वांना देऊन हा पेच टाळला जातो, तो मार्ग स्वस्त खरा, पण त्यात विचाराला वाव कमी.

१९९३ साली सुरू झालेली आणि २००५ पासून सुपर जीटी या नावाने चालणारी जपानची अजिंक्यपद स्पर्धा याच्याही एक पाऊल पुढे जाते. तिच्या वरच्या वर्गात मिळविलेल्या दर गुणामागे पुढच्या फेरीत गाडीवर दोन किलो चढतात. धातूच्या पट्ट्या बोल्टांनी गाडीच्या तळाशी आवळल्या जातात, आणि भार ५० किलोंच्या वर जाऊ लागला की इंजिनाला मिळणाऱ्या इंधनाचा ओघही कमी केला जातो. कालचा विजय आजचे ओझे होतो. आपला कर्मसिद्धान्त नेमका याच्या उलट: तेथे पूर्वीच्या पुण्याईवर आज आघाडी मिळते आणि पापाची थकबाकी जन्मोजन्मी वसूल होत राहते.

जीटी३ चा आणि जपानचा असे हे दोन नियम वरवर सारखे दिसत असले तरी त्यांचा न्याय एक नव्हे, आणि तो निवडावयास मला याच तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आधार घ्यावासा वाटतो. लाहोरसाठी लिहिलेल्या, परंतु होऊ न शकलेल्या आणि १९३६ साली पुस्तकरूपाने निघालेल्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात त्यांनी मनुष्याच्या सामर्थ्याचे आनुवंश, सामाजिक वारसा आणि स्वतःचा प्रयत्न असे तीन हिस्से केले. प्रयत्नातून निपजणारी विषमता त्यांना मान्य होती, मात्र पहिल्या दोहोंच्या बाबतीत आरंभरेषा शक्य तितकी सारखी करावी, असे त्यांचे म्हणणे होते. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनासंबंधी विधेयक मांडतानाही ते वारशाने गळ्यात पडलेल्या चाकरीशीच झगडत होते. आणि १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्धविषयक ग्रंथात तर, पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त समाजाला दीनदुबळ्यांच्या दुरवस्थेच्या जबाबदारीतून मोकळे करण्यासाठीच उपयोगी पडतो, असा त्यांनी स्पष्ट आरोप केला.

या कसोटीवर यंत्राच्या कुळाची भरपाई करणारा जीटी३ चा नियम मला धर्म्य वाटतो, कारण इंजिन कोठे असावे हे चालकाने ठरविलेले नसते. जपानी नियम मात्र प्रयत्नावरच कर बसवितो. त्याने चुरस वाढते, प्रेक्षक खूश होतात, पण त्याला न्याय म्हणणे कठीण. खुद्द नियमकर्त्यांनाही ते पुरते ठाऊक असावे, कारण मोसमाच्या शेवटच्या फेरीआधीच्या फेरीत हा भार निम्मा केला जातो आणि शेवटच्या फेरीत तो साफ उतरवून सर्वांना मोकळे धावू दिले जाते. कडे किती मिलिमीटरचे असावे यावर वाद होईल, दर मोसमात तो होतोच. परंतु जन्माने मागे पडलेल्याला ते त्याचेच प्राक्तन आहे असे सांगून जे शर्यत सुरू करतात, त्यांच्या निकालावर माझा तरी विश्वास नाही.