गुणांवरून ज्ञानाचे अनुमान

घोडनदीकाठच्या शिरूरमधील एखाद्या विद्यालयात दहावीच्या वर्गाकडून पायथागोरसचे प्रमेय सिद्धतेसह मुखोद्गत करविले, आणि भीमाकाठच्या दौंडात तेवढ्याच तयारीच्या दुसऱ्या वर्गाला पुठ्ठ्याचे चार समान काटकोन त्रिकोण कर्णावरील चौरसात मांडावयास देऊन मध्ये उरलेल्या लहान चौरसाची बाजू किती, हे ज्याचे त्याला शोधू दिले, तर या दोहोंतील श्रेष्ठ पद्धती कोणती याचा निवाडा आपण बहुधा गुणांच्या तफावतीवरून करू. नैयायिकांच्या दृष्टीने हा निवाडा म्हणजे एक अनुमानच होय. धूमावरून अग्नीचे, तसे गुणांवरून ज्ञानाचे. परंतु येथे व्याप्तीच, म्हणजे जेथे गुण तेथे ज्ञान हा अटळ संबंधच, सिद्ध नाही. चाळीस गुणांच्या भूमितीच्या प्रश्नपत्रिकेत पाठ केलेली सिद्धता आणि समजून लिहिलेली सिद्धता अक्षरशः एकसारखी उतरू शकते. म्हणजे हेतू, ज्ञान असो वा नसो दोन्हीकडे आढळणारा, सव्यभिचार ठरला, आणि अशा हेतूवर उभारलेली तुलना कितीही काटेकोर आकड्यांनी मांडली तरी तिच्यावरून ज्ञानाविषयी काही ठरत नाही.

पुठ्ठ्याची ती रचना काही परकी नव्हे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात ती आहे. त्याच आचार्यांनी सिद्धांतशिरोमणीच्या गोलाध्यायात बजावले आहे की उपपत्तीवाचून, म्हणजे सिद्धतेवाचून, गणकाला विद्वत्सभेत प्रौढी लाभत नाही आणि त्याचा स्वतःचा संशयही फिटत नाही. या वचनाचा उत्तरार्ध मला फार मोलाचा वाटतो, कारण ज्ञानाची कसोटी त्यात परीक्षकाच्या हातून काढून ज्ञात्याच्या अंतःकरणात नेली आहे. सुमारे चार शतकांनी, 1545 मध्ये, कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी भास्कराचार्यांच्याच लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली, आणि मूळ ग्रंथात आज्ञेसारख्या आलेल्या सूत्रांना उपपत्ती पुरविल्या.

यावरून पाठांतर त्याज्य आहे, असे मात्र कोणी समजू नये. लीलावती मुळातच श्लोकबद्ध आहे, आणि न्यायदर्शनाने शब्दालाही, म्हणजे आप्तवचनालाही, प्रमाणांत स्थान दिले आहे. पाढे ज्याच्या जिभेवर नाहीत, त्याची बुद्धी गुणाकारातच अडकून पडते व उपपत्तीपर्यंत पोहोचतच नाही. शब्द हा आरंभ आहे; दोष तेथेच थांबण्यात आहे.

तेव्हा शिरूर-दौंडच्या शिक्षकांना तुलना करावयाचीच असेल, तर त्यांनी महिनाभराने, पूर्वसूचना न देता, आकृती फिरवून आणि शिरोबिंदूंची अक्षरे बदलून तेच प्रमेय दोन्ही वर्गांना पुन्हा विचारावे, आणि प्रत्येक पायरीस ‘हे कशावरून?’ असे तोंडी विचारून खातरजमा करावी. या उसाच्या मुलखात हंगामापुरती येणारी ऊसतोड कामगारांची मुलेही त्यांनी तुलनेतून वगळू नयेत. वर्ग, फळा आणि गुरुजी अर्ध्या वर्षात बदलणाऱ्या त्या मुलांपाशी कोणत्या पद्धतीने शिकलेले गणित टिकून राहिले, हे पाहिल्याशिवाय कोणत्याही पद्धतीस श्रेष्ठ म्हणावयास मी तयार नाही.