हे फर्ज कुणाचे?

एखाद्याने पेशा निवडला की त्यामागचा इरादा तपासण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. पैशासाठी निवडला तर तो दुनियादार, खिदमतीसाठी निवडला तर नेक. पण स्वतःच्या घरातले दुःख पाहून कुणी दुसऱ्याच्या दुःखावर इलाज करायला निघाले, तर त्या इराद्याला काय म्हणावे?

आम्ही नंदुरबार जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा येण्याजाण्याचा जिल्हा आहे. दिवाळीच्या सुमारास आदिवासी कुटुंबे ऊसतोडीला आणि शेतमजुरीला गुजरातकडे निघतात. तशी बाहेरून माणसे येतातही. अक्कलकुव्याच्या जामियात दूरदूरच्या राज्यांतली मुले शिकायला येतात, बेकरी-भंगाराच्या धंद्यासाठी उत्तर प्रदेशातली कुटुंबे येऊन राहतात. अशाच एका कुटुंबातली मुलगी आमच्या दहावीच्या वर्गात होती. पुढे काय करणार, या प्रश्नावर बाकीच्या मुलींनी डी.एड., नर्सिंग अशी उत्तरे दिली. ही म्हणाली, "मनाची डॉक्टर."

कारण विचारले तेव्हा कळले, की मुलूख सोडल्यापासून तिच्या अम्मीची झोप उडाली होती. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचे लागले असेल. तावीज झाले, दर्ग्यावर जाऊन झाले, शेवटी दवाखाना गाठला. अम्मीला मराठी येत नव्हते, म्हणून ही बारा वर्षांची पोर दुभाषी झाली. "दिल बैठा जाता है" हे डॉक्टरला मराठीत कसे सांगावे ते तिला कळेना. आणि अम्मीच्या मनात जे होते त्यातले निम्मे तिने लेकीदेखत उच्चारलेच नाही. मुलगी आम्हाला म्हणाली, "सर, किसी अम्मी को बेटी के मुंह से बोलना न पडे, इसलिए."

शिक्षकांच्या खोलीत यावर चर्चा झाली. एकाने विचारले, जी स्वतः दुखावलेली आहे ती दुसऱ्याला काय सावरणार? दुसऱ्याने विचारले, यात कमाई किती? दोन्ही प्रश्न टाळण्यासारखे नाहीत.

पहिल्या प्रश्नासाठी फ्रान्झ फॅननचे उदाहरण घेऊ. १९२५ साली मार्टिनिक बेटावर जन्मलेला हा काळा तरुण फ्रान्समधल्या लियों शहरात वैद्यक शिकला. तिथे उत्तर आफ्रिकेतून मजुरीला आलेले मुसलमान दवाखान्यात येत आणि सगळे अंग दुखते म्हणत. तपासणीत काही सापडले नाही की डॉक्टर त्यांना आळशी आणि ढोंगी ठरवत. परक्या मुलखात अपमान सोसलेल्या फॅननने १९५२ साली लेख लिहून विचारले, की या माणसाचे दुखणे खरे मानायला तुम्ही तयार का नाही? हा प्रश्न विचारण्याची ताकद त्याला स्वतःच्या अनुभवाने दिली.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९५३ मध्ये तो अल्जीरियातल्या ब्लिदाच्या मनोरुग्णालयात गेला. तिथे त्याने सिनेमा, वर्तमानपत्र, मेळावे असे नवे उपचार सुरू केले. युरोपीय स्त्रियांच्या वॉर्डात ते लागू पडले. मुसलमान पुरुषांच्या वॉर्डात मात्र साफ फसले. मग त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने त्या लोकांची राहणी समजून घेतली. वॉर्डात त्यांच्या पद्धतीचा कहवाखाना उघडला, सण साजरे केले, किस्से सांगणाऱ्याला बोलावले. म्हणजे सोसलेले दुःख माणसाला या कामाकडे वळवते, पण तेवढ्यावर काम होत नाही. 'मीही भोगले आहे, म्हणून मला तुझे कळते' असे म्हणणारा समोरच्याचे ऐकायचे सोडून देतो. म्हणून इरादा कच्चा असायला हरकत नाही. त्याला पक्के करण्यासाठी तर शिक्षण असते.

कमाईचा प्रश्नही गैर नाही. गरीब घरच्या मुलीने घर चालवायचे असते, आणि हलाल मेहनतान्याने खिदमत बाटत नाही. मात्र हा प्रश्न विचारणाऱ्यांनी इमाम गझाली यांची एक तक्रार आठवावी. 'इह्या'मध्ये त्यांनी वैद्यक हे फर्ज-ए-किफाया सांगितले आहे. वस्तीतल्या कुणीतरी ते उचलले तर सगळे सुटतात, कुणीच उचलले नाही तर सगळे गुन्हेगार ठरतात. त्यांची खंत अशी, की मुसलमान तबीब नसलेली कितीतरी शहरे आहेत आणि तरी जो तो फिकहच्या वादांकडे धावतो. मनाचे आजार यातून वगळण्याचे कारण नाही. शरीराप्रमाणे मनालाही आजार होतात आणि त्यांवर इलाज असतो, हे दहाव्या शतकातच अबू झैद अल-बल्खी यांनी लिहून ठेवले आहे.

आज परिस्थिती काय आहे? २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत शंभरातले सुमारे दहा प्रौढ कोणत्या ना कोणत्या मनोविकाराने त्रस्त आढळले, आणि त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. राज्याची जुनी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे, म्हणजे नंदुरबारपासून सगळीच लांब. नंदुरबारला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०२० मध्ये आले.

या पोकळीत माणसे दर्ग्याकडे जातात, त्यांना हसण्यात अर्थ नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळील खाजगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली २८ माणसे गेली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा साखळ्यांना मनाई केली. दुसरीकडे गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथे मीरा दातारच्या दर्ग्यात 'दवा आणि दुआ' असा उपक्रम झाला. मुजावर दुआ करतात आणि आजारी माणसाला आवारातल्याच डॉक्टरकडे पाठवतात. श्रद्धेला धक्का न लावता इलाज होऊ शकतो. त्यासाठी दोन्हीकडची भाषा जाणणारी माणसे लागतात, आणि ती स्थलांतरितांच्या घरांत वाढत असतात.

म्हणून आम्हाला वाटते, की अशा मुलीचा इरादा शुद्ध आहे की नाही हे तपासत बसणे सोपे असले तरी तो खरा सवाल नव्हे. घराचे दुभाषेपण तिने बाराव्या वर्षीच निभावले. आता सगळ्या वस्तीचे फर्ज तिच्या एकटीच्या खांद्यावर टाकून 'शाबास बेटी' म्हणणे हा इन्साफ नाही. ते सगळ्यांचे आहे. मानसशास्त्र शिकणाऱ्या मुलीला 'पागलों की डॉक्टर' म्हणून हिणवणे थांबवावे. जकातीतून इंजिनिअरिंगच्या गरजू मुलाला मदत मिळते, तशी तिलाही मिळावी. वसतिगृहाची सोय व्हावी. आणि ती शिकून परत येईल तेव्हा आपल्या घरातला आजारी माणूस लपवून न ठेवता तिच्याकडे घेऊन जावा.